सँ-सिर-लापोपीच्या वाटा: फ्रान्समधल्या खेड्यात पहिल्यांदाच पायी भटकणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लोत नावाची नदी आहे. चुनखडीच्या पठारातून वळणं घेत, दोन्ही बाजूंचे कडे कापत ती वाहते. तिच्याच एका वळणावर, पाण्यापासून सुमारे 100 मीटर उंच कड्याला चिकटून सँ-सिर-लापोपी हे गाव बसलंय. गावात कायम राहणारी माणसं जेमतेम दोनशे. 2012 मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रेंच लोकांनी याला आपलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं. तेव्हापासून उन्हाळ्यात इथे गाड्यांची रांग लागते. बहुतेक लोक तासभर हिंडतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात.

तुम्ही तसं करू नका. इथे तीन रात्री राहा आणि रोज सकाळी मुक्कामाच्या दारातूनच पायी निघा. या गावाचा अर्थ त्याच्या वाटांमध्ये आहे, आणि त्या वाटा गाडीच्या काचेतून दिसत नाहीत. सह्याद्रीत थोडंफार चालला असाल तर पायांना इथे काही जड जाणार नाही. शिकायचं आहे ते वेगळंच: रंगाच्या खुणा वाचणं, पाण्याचा हिशेब ठेवणं आणि गावाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणं.

आधी महिना ठरवा

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्यात पठारावरच्या कोरड्या गवतात रानऑर्किड फुलतात, ऊन सोसवतं आणि दिवस मोठा असतो. दुसरा चांगला काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्ट शक्य असेल तर टाळा. गर्दी हे एक कारण झालं. मोठं कारण ऊन आहे, कारण पठारावर सावली तुटपुंजी आणि पाणी नाहीच. पारा 35 च्या वर गेला की दुपारी चालणं धोक्याचं होतं. हिवाळ्यात वाटा निवांत असतात, पण अंधार लवकर पडतो, निम्मी हॉटेलं बंद असतात आणि नदीला पूर आला तर काठची वाट पाण्याखाली जाते.

सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरांची शिकार बहुधा गटाने होते आणि शनिवार-रविवारी जास्त. वाटेवर ‘शास आँ कूर’ अशी पाटी दिसली तर तिचा अर्थ ‘शिकार चालू आहे’. तिथून मागे फिरायचं. या महिन्यांत केशरी किंवा भडक पिवळं जाकीट अंगात असू द्या. मातकट, हिरवे कपडे आपल्याकडे जंगलात चांगले समजले जातात, इथे त्या काळात ते अजिबात नकोत.

पोहोचायचं कसं

जवळचं मोठं रेल्वे स्टेशन काओर. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून थेट गाडी मिळते, प्रवास पाच तासांच्या आसपास. तुलूजहून दीडेक तास. काओरहून फिझाकच्या दिशेने लोतच्या खोऱ्यातून बस जाते, तिने तूर-द-फोर या थांब्यावर उतरायचं. हे गाव नदीच्या उजव्या तीरावर, सँ-सिर डाव्या तीरावर, वर. पूल ओलांडून चढत गेलं की पाऊण तासात पोहोचता. पाठीवरच्या ओझ्यासह ही तुमची पहिली चढण, आणि माझ्या मते गावात शिरण्याची खरी वाट हीच. वळण घेतल्यावर कड्यावरचं चर्च, त्याखाली उतरत गेलेली तपकिरी कौलं आणि खाली हिरवी नदी असं सगळं एकदम समोर येतं.

बसच्या फेऱ्या दिवसाला मोजक्या, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी त्याहून कमी. शाळेच्या सुट्ट्यांप्रमाणे वेळापत्रक बदलतं. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी ते पुन्हा पाहा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

राहायला दोन प्रकार सोयीचे. ‘जीत देताप’ म्हणजे चालणाऱ्यांसाठीचा साधा मुक्काम: सामाईक खोलीत खाट, बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. ‘शाँब्र दोत’ म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली. दोन्हीकडे आधी कळवून जा, आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा. ऐनवेळी सांगितलं तर घरचा माणूस अडचणीत पडतो, कारण हा प्रदेश बदकाच्या मांसाचा. साध्या सॅलडवरसुद्धा बदकाचे किंवा डुकराचे तुकडे पसरलेले असतात. अंडी-दूध चालत असेल तर मात्र चंगळ आहे: शेळीच्या दुधाचं छोट्या चकतीसारखं रोकामादूर चीज, अक्रोड, अक्रोडाचा केक, ताजा पाव.

खुणा वाचायला शिका

निम्मी विद्या इथेच आहे, म्हणून यावर जरा वेळ द्या.

आपल्याकडे वाट चुकली की गुराख्याला विचारतो, गावातून वाटाड्या घेतो. इथल्या पठारावर विचारायला तासन् तास माणूस भेटत नाही. त्याऐवजी झाडाच्या बुंध्यावर, खांबावर, दगडावर रंगाचे पट्टे असतात. 1947 पासून हे काम देशभर चालू आहे, आणि आजही ते पट्टे फ्रेंच पदभ्रमण महासंघाचे स्वयंसेवक पगार न घेता, डबा आणि ब्रश घेऊन रंगवतात. वाटेवर असा कुणी भेटला तर थांबून आभार माना.

पांढरा पट्टा वर आणि लाल खाली असेल, तर ती लांब पल्ल्याची वाट. तिला ‘जे-एर’ म्हणतात आणि तिला क्रमांक असतो. सँ-सिरवरून जे-एर 36 जाते. पिवळा आणि लाल असे दोन पट्टे म्हणजे एखाद्या प्रदेशाला वळसा घालणारी, काही दिवसांची वाट. एकटा पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक, बहुधा अर्ध्या-एका दिवसाची फेरी. नवख्याने पहिल्या दिवशी पिवळाच पट्टा धरावा.

सरळ दोन पट्टे म्हणजे पुढे चला. पट्ट्याखाली वळलेला बाण असेल तर त्या बाजूला वळा. रंगाची फुली म्हणजे ही वाट तुमची नाही. फुली फार उपयोगी असते. फाट्यावर योग्य वाटेची खूण झाडीआड लपलेली असते, पण चुकीच्या वाटेवरची फुली दिसते आणि प्रश्न सुटतो.

आता सवयीची गोष्ट. प्रत्येक फाट्यावर थांबा. बोलत बोलत पुढे गेलं की चूक होते, आणि चूक नेमकी रुंद, सोप्या, उताराच्या रस्त्यावर होते, कारण पाय आपोआप तिकडे वळतात. पाच-सात मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत परत या. ‘पुढे मिळेल’ म्हणत रेटू नका. आणखी एक: त्रिकोण आणि त्याखाली दोन वर्तुळं ही सायकलवाल्यांची खूण, केशरी पट्टा घोडेस्वारांचा. झाडांवरचे इतर ठिपके आणि आकडे वनखात्याचे किंवा जमीनमालकाचे असू शकतात. त्यांच्या मागे जाऊ नका.

मोबाइलमध्ये नकाशा असतोच, तरी कागदी नकाशा घ्या. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे, म्हणजे ‘आय-जे-एन’चे, 1:25,000 प्रमाणाचे निळ्या मुखपृष्ठाचे नकाशे वर्तमानपत्रांच्या दुकानांत आणि पर्यटन कार्यालयांत मिळतात. दुकानात गावाचं नाव सांगितलं की बरोबर तो नकाशा हातात येतो. त्यावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 250 मीटर. खोऱ्यात कड्यांमुळे मोबाइलला रेंज जाते-येते, तेव्हा ऑनलाइन नकाशाच्या भरवशावर राहू नका, आधी उतरवून घ्या.

वेळेचा अंदाज असा बांधा: सपाटीला ताशी 4 किलोमीटर, चढाला ताशी 300 मीटर उंची. पाट्यांवर दिलेली वेळ याच्या आसपासची असते आणि तीत थांबे धरलेले नसतात. आपण फोटो काढतो, खातो, बसतो. म्हणून पाटीवरच्या वेळेत तिसरा हिस्सा मिळवा.

पाणी आणि पिशवी

या पठाराला ‘कॉस’ म्हणतात आणि या भागाचं नाव केर्सी. 1999 पासून तो प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. इथला खडक चुनखडीचा. आपला काळा कातळ पाणी धरून ठेवतो, म्हणून गडावर टाक्यात मार्चपर्यंत पाणी मिळतं. इथला खडक पाणी गिळतो. पाऊस पडतो, फटींतून खाली मुरतो, जमिनीखालच्या गुहांतून वाहतो आणि थेट दरीच्या तळाशी झरा म्हणून बाहेर येतो. वर ओढा नाही, डोह नाही. नकाशावर दरी दिसली म्हणून पाणी असेल असं समजलात तर घसा कोरडाच राहील.

म्हणून माणशी दीड लिटर, आणि उन्हाळ्यात अडीच ते तीन लिटर पाणी मुक्कामावरूनच भरून घ्या. गावातल्या नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पाणी पिण्याजोगं. मध्ये ‘नाँ’ आला तर पिऊ नका. कपडे धुण्याच्या जुन्या दगडी हौदांतलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते हात-पाय धुण्यापुरतं.

बूट घोट्यापर्यंतचे, चांगल्या पकडीचे घ्या. ओली चुनखडी साबणासारखी निसरडी होते, विशेषतः जिथे शतकानुशतकं पाय पडून दगड गुळगुळीत झालाय तिथे. आपला कातळ ओला असतानाही पायाला थोडी खरखर देतो, तो भरवसा इथे धरू नका. पूर्ण पँट घाला. उंच गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, काखेत तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल कडं पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा. टोपी, हलकं रेनकोट, शिट्टी, बॅटरी आणि थोडी रोख रक्कम घ्या. संकटात 112 लावा. फोनवर गावाचं नाव, वाटेचा क्रमांक आणि शेवटी दिसलेली पाटी सांगता आली की मदत लवकर येते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात पदभ्रमणाचा समावेश आहे का, ते निघण्याआधी वाचून घ्या.

जेवणाचा डबा सकाळीच बांधा. खेड्यातली दुकानं दुपारी दोन-तीन तास बंद असतात, आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारी दिवसभर. एका सोमवारी दुपारी दीड वाजता मी पावाच्या दुकानासमोर उभा होतो आणि पिशवीत दोन संत्री उरली होती. तेव्हापासून रविवारी सकाळीच दोन दिवसांचं घेऊन ठेवतो.

पहिला दिवस: गाव आणि नदी

बॅग ठेवली की लगेच लांब निघू नका. आधी गावातल्या सर्वांत उंच खडकावर, जुन्या किल्ल्याच्या अवशेषांपाशी चढा. तिथून सगळा भूगोल एका नजरेत येतो: खाली नदी आणि बंधारा, पलीकडे शेतं आणि तूर-द-फोर, मागे ओक झाडांचं पठार. नकाशा उघडा, नदीच्या दिशेवर ठेवून फिरवा आणि उद्याची वाट बोटाने चालून बघा.

मग गल्ल्यांतून खाली नदीपर्यंत उतरा आणि परत चढा. एवढ्यात बूट चावतात का, दम किती आहे, सगळं कळतं. या गावात एके काळी लाकूड कातून पिंपांना लावायच्या तोट्या बनवणारे कारागीर राहत. लाकूड कातणारे आजही आहेत. रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन गावाबाहेर थोडं चाला आणि ती विझवा. केर्सीचा हा भाग फ्रान्समधल्या सर्वांत काळोख्या आकाशांपैकी आहे. आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसतो.

दुसरा दिवस: कड्यात कोरलेली वाट

या वाटेसाठीच मी लोकांना इथे पाठवतो.

गावातून नदीकडे उतरा आणि जे-एर 36 च्या पांढऱ्या-लाल खुणांनी नदीच्या प्रवाहाबरोबर बुझियेकडे निघा. एका बाजूचं अंतर साधारण 4 ते 5 किलोमीटर, चढ-उतार नगण्य. आधी शेतं आणि झाडी लागते, मग गानिलचा जलपाश, म्हणजे नावांना पाण्याच्या पातळीनुसार वर-खाली नेणारी दारांची कोंडी, येतो आणि त्यानंतर कडा सरळ पाण्यात उतरतो. काठ संपतो. आणि तिथे वाट कड्याच्या पोटात शिरते. डोक्यावर खडक, एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला नदी. वाट खडकातच खोदलेली आहे.

ही सहलीसाठी खोदलेली नाही. लोतमधून नावा जात. काओरची वाइन, वरच्या भागातला कोळसा घेऊन त्या बोर्दोच्या दिशेने उतरत. प्रवाहाबरोबर उतरणं एक वेळ सोपं, परत येताना मात्र नाव काठावरून दोरखंडाने ओढावी लागे. जिथे काठच नाही तिथे ओढणाऱ्याने पाय कुठे ठेवायचा? म्हणून 1840 च्या दशकात हा कडा फोडून त्यात वाट काढली. 1886 मध्ये काओरहून खोऱ्यातून रेल्वे आली, माल तिच्याकडे गेला आणि 1926 मध्ये जलमार्गाच्या यादीतून या नदीचं नावच काढलं गेलं. चाळीस वर्षंसुद्धा वाटेला तिचं पुरतं काम मिळालं नाही. तिथे चालताना एकदा तळहात भिंतीवर ठेवा.

याच भिंतीवर एका ठिकाणी मासे, शिंपले, पाण्याच्या लाटा असं लांबलचक शिल्प दिसेल. ते जुनं नाही, दानिएल मोनिए या शिल्पकाराने विसाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेलं आहे. पहिल्या नजरेला ते खडकाचाच भाग वाटतं, इतकं ते दगडाच्या रंगात मिसळलंय.

दोन काळज्या घ्या. नदीच्या बाजूला कठडा नाही, तेव्हा मुलांचा हात धरा आणि मागे सरकत फोटो काढू नका. आणि निघण्याआधी पर्यटन कार्यालयात वाट खुली आहे का ते विचारा. दगड सुटण्याचा धोका असला किंवा पूर असला की ती बंद करतात. बंदीची पाटी असेल तर अडथळा ओलांडू नका. कडा डोक्यावरच असतो, पळायला जागा नसते.

बुझियेत पाण्याकाठी बसून डबा खा. पुलापलीकडच्या कड्यात एक भिंतीने बंद केलेली गुहा दिसते. मध्ययुगातली ती तटबंदी आहे आणि लोक तिला इंग्रजांचं नाव जोडतात. परतताना त्याच वाटेने या. दुपारचा प्रकाश खडकावर वेगळा पडतो, तेव्हा तीच वाट पुन्हा चालण्यात काही तोटा नाही.

तिसरा दिवस: पठार, किंवा पेश-मेर्ल

सोपा पर्याय: पर्यटन कार्यालयातून पिवळ्या खुणांच्या फेरीचं पत्रक घ्या आणि गावामागच्या पठारावर आठ-दहा किलोमीटर चाला. खुरट्या ओकांचं रान, जुनिपर, आणि चुन्या-मातीशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचून केलेल्या भिंती. शेत साफ करताना निघालेले दगड टाकायचे कुठे? त्यांच्या भिंती केल्या, आणि मेंढपाळांसाठी गोल झोपड्या. या झोपड्यांची छपरंही दगडांचीच. आत डोकवा, पण भिंतीवर चढू नका, एक दगड निसटला की पुढच्या पावसात दहा निसटतात. कुंपणाचं फाटक उघडलंत तर तुम्हीच लावा. नकाशावर ‘ईग’ शब्द दिसला तर तिथे जमिनीत उभं विवर असतं, वाट सोडून त्याच्या तोंडाशी जाऊ नका.

अवघड पर्याय म्हणजे काब्रेरे गाव आणि त्याच्या वरची पेश-मेर्ल गुहा. बुझियेहून पूल ओलांडून, सेले नदीच्या खोऱ्यातून येणारी जे-एर 651 उलट दिशेने धरायची. सँ-सिरपासून एका बाजूने दहा-अकरा किलोमीटर पडतात. दिवसाला वीस किलोमीटर चालण्याची सवय नसेल तर काब्रेरेतच रात्र काढा.

ही गुहा 1922 मध्ये आंद्रे दाविद आणि आँरी द्युतेर्त्र या दोन शाळकरी वयाच्या मुलांना सापडली. गावचे पाद्री अमेदे लेमोझी यांनी त्यांना गुहा शोधण्याचं वेड लावलं होतं. आत ठिपक्यांचे घोडे आहेत, सुमारे 29,000 वर्षांपूर्वी रंगवलेले, आणि भोवती माणसांच्या हातांचे ठसे. इतर अनेक चित्रगुहांत आता प्रतिकृती दाखवतात, इथे अजून मूळ चित्रांसमोर उभं राहता येतं. म्हणूनच रोजची प्रवेशसंख्या मर्यादित आहे, आधी नोंदणी करावी लागते आणि आत फोटो काढायला मनाई आहे. आत 12 अंश तापमान असतं, घामेजलेल्या अंगावर घालायला काहीतरी जाड बरोबर घ्या.

चित्रांना हात लावू नका, हे सांगायची खरं तर गरज नाही. पण 1952 मध्ये अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँने इथल्या एका चित्राची सत्यता पाहायला त्यावर अंगठा घासला, झटापट झाली, खटला चालला आणि त्याला दंड भरावा लागला. या ब्रेताँचं सँ-सिरशी नातं होतं. 1951 मध्ये त्याने गावात घर घेतलं होतं. ते घर म्हणजे पूर्वीची नावाड्यांची खानावळ, म्हणजे तुम्ही काल ज्या वाटेने चाललात तिच्यावर घाम गाळणाऱ्यांची.

भेटणाऱ्या माणसांशी

वाटेवर समोरून कुणीही आलं तर ‘बोंजूर’ म्हणा. दुकानात शिरतानाही आधी ‘बोंजूर’, मग प्रश्न. थेट इंग्रजीत विचारणं इथे उद्धट वाटतं. एवढं म्हटलं आणि मोडकंतोडकं फ्रेंच बोललात की समोरचा माणूस स्वतःहून हातवारे करून वाट समजावतो. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ ही पाटी म्हणजे खासगी जमीन. रंगाची खूण त्यातून जात असेल तर खुणेच्या वाटेवरच राहा. वाटेतली अक्रोडाची झाडं कुणाची तरी शेती आहे, खाली पडलेले अक्रोडसुद्धा उचलू नका. शेकोटी कुठेही पेटवू नका, उन्हाळ्यात हे पठार काडीने पेटतं.

परतीच्या दिवशी बसच्या तासभर आधी गावातून निघा. उतार सोपा, पण पुलावर थांबून वर बघितल्याशिवाय कुणाचा पाय निघत नाही. थांब्यावर काओरच्या दिशेच्या बाजूला उभे राहा आणि बस दिसली की हात दाखवा.